माकूळ प्रकल्प: मागच्या मोरीवरच्या नोंदी

शुक्रवार, 7 नोव्हेंबर 2025

वही नवी, सवय जुनी. नाशकातल्या अंबडच्या टूल रूममध्ये एकोणीस वर्षं काढलेला माणूस घरातल्या नळाचा वॉशर बदलला तरी तारीख घालून लिहून ठेवतो. बायको हसते. हसू दे.

या वेळी निमित्त सासूबाईंचं. जानेवारीत त्या वेंगुर्ल्याहून येणार आणि महिनाभर राहणार. मागच्या खेपेला बाजारातून साफ करून आणलेल्या माकळाच्या, म्हणजे स्क्विडच्या, रश्श्यात त्यांच्या दाताखाली प्लास्टिकसारखा काटा आला. त्या काही बोलल्या नाहीत. काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि पुढचे तीन आठवडे गुपचूप वरण-भात जेवल्या. चार शब्द ऐकवले असते तरी परवडलं असतं.

चूक फक्त साफ करून देणाऱ्याची नव्हती. नाशकात पापलेट, सुरमई, कोळंबी रोज खपते, त्यामुळे त्यावर लोकांचा हात बसलेला असतो. माकूळ मागणारं गिऱ्हाईक एखादंच. मग त्याचं डोकं उडवायचं, आडवे चार तुकडे करायचे, पिशवीत भरायचं. आत काय राहिलं ते घरी जाऊन कळतं. म्हणून ठरवलं, अख्खं आणायचं आणि घरीच सोलायचं.

उद्दिष्ट: एक किलो माकळं अर्ध्या तासात, शाईची पिशवी न फुटता, काटा आणि चोच शंभर टक्के बाहेर.

अडचण: आई माळकरी आहे. स्वयंपाकघराचा ओटा तिचा, त्यावर आजवर अंडंसुद्धा फुटलेलं नाही. मासळीची भांडी, शेगडी, पाटा सगळं मागच्या बाल्कनीत असतं. तेव्हा तिथली मोरी हेच आपलं वर्कशॉप.

हत्यारं गोळा केली: धारदार चाकू, कात्री, लांब टोकाचा चिमटा, जुना टूथब्रश, स्वयंपाकाचा वजनकाटा, स्टॉपवॉच. तयारी बघून लेक म्हणाली, "पप्पा, ऑपरेशन आहे का?"

रविवार, 9 नोव्हेंबर

जुन्या नाशकात सकाळी साडेसातला पोचलो. समुद्राची मासळी इथे मुंबईहून येते. रात्री निघालेली गाडी कसारा घाट चढून पहाटे उतरते. पावणेदोनशे-एक किलोमीटरचा प्रवास, सगळा थर्माकोलच्या खोक्यातल्या बर्फाच्या भरवशावर.

एक किलो घेतलं, 11 नग भरले. घरी येऊन पसरल्यावर दिसलं की त्यातले दोन वेगळेच आहेत. नऊ नग लांबट, नळीसारखे, शेंडीकडे दोन त्रिकोणी पंख. दोन नग मात्र रुंद, चपटे, अंगाला दोन्ही कडांनी झालर लावल्यासारखा पंख. त्यांची पाठ दाबली तर आत फळीसारखं टणक. कापल्यावर पांढरी, खडूसारखी, होडीच्या आकाराची ढलपी निघाली. तेच ते समुद्रफेन. पोपटाच्या पिंजऱ्यात चोच घासायला अडकवतात, आयुर्वेदाच्या दुकानातही मिळतं. बाजारात दोघांनाही माकूळ म्हणून हाक मारतात, म्हणून मागताना 'लांब नळीवालं' असं सांगायचं. रुंद जातही खायला उत्तम, पण तिची सफाई वेगळी. एका वेळी एकच जॉब.

आता फजिती. माशाची सवय म्हणून पहिल्याच नगाला चाकू लावला आणि डोक्यामागून आडवा कापला. शाईची पिशवी नेमकी त्याच वाटेवर असते. काळं पाणी मोरीभर झालं, पांढऱ्या टाइल्सच्या सांध्यांत शिरलं. दुसऱ्या नगाला पोटावर उभा छेद दिला, तरी तेच. तिसऱ्याला कात्री. चौथ्यापर्यंत माझा बनियन गेला. आई दारातून डोकावली, "राम राम राम" म्हणाली आणि पुन्हा हरिपाठाला बसली.

कातडी चाकूनं खरवडायला गेलो तर मांसासकट निघू लागली. काटे शोधायला चिमटा वापरला, तो प्रत्येक वेळी काट्याचा तुकडा पाडून बाहेर आला. उरलेले तुकडे शोधायला टॉर्च.

आणले 1000 ग्रॅम, हाती आले 540. वेळ 1 तास 50 मिनिटं. शाई फुटली 11 पैकी 9.

बायकोनं मालवणी मसाला, कोकम घालून दहा मिनिटं शिजवलं. चव अप्रतिम, पण दात लागेना. आमच्याकडे हायड्रॉलिक सिलिंडरला जी काळी रबरी ओ-रिंग बसवतात, तिच्यात आणि यात रंगाचाच काय तो फरक.

सोमवार, 10 नोव्हेंबर

सासूबाईंना फोन केला. काय करतोय ते सांगावं लागलं, कारण लेकीनं आधीच फोडलं होतं. माझी सगळी हत्यारांची यादी त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, "सुरी कित्याक व्हयी? बोटां आसत मां?"

मी म्हटलं, पण कापायचं कसं? तर म्हणाल्या, कापायचं नाहीच, ओढायचं. पुढे काही सांगितलं नाही. कोकणातली माणसं कृती सांगत नाहीत, समोर बसून करतात. आणि समोर बसायला जानेवारी उजाडायचाय.

घाणीचा हिशेब: कालची आतडी आणि कातडी डब्यात ठेवली ती चूक. घंटागाडी सकाळी आठला येते, तोवर अख्खी बाल्कनी दरवळली. यापुढे कचरा दुहेरी पिशवीत बांधून फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात, आणि गाडीची घंटा ऐकू आली की मगच बाहेर.

बुधवार, 12 नोव्हेंबर

सेकंड शिफ्ट, म्हणून सकाळ मोकळी. अर्धा किलोच आणलं, 5 नग. चाकू जवळ ठेवला, पण पहिली पंधरा मिनिटं हात लावायचा नाही असं ठरवलं.

एक नग नुसता हातात घेऊन तपासला. नळीची कड, म्हणजे आपल्या सदऱ्याची कॉलर म्हणू, डोक्याभोवती सैल असते. बोट आत घातलं की सहज फिरतं, पण तीन ठिकाणी अडतं. एक मानेच्या मागे, पाठीकडे. उरलेले दोन पोटाकडे, तिथे जे छोटं नरसाळं असतं त्याच्या दोन्ही अंगांना. तिथे कूर्चेची खाच आणि तिच्यात बसणारा उंचवटा असतो, चक्क स्नॅप-फिट. या नरसाळ्यातून पाणी जोरात सोडून ते उलट्या दिशेनं पळतं, म्हणून पाणी भरलेली नळी डोक्यावर घट्ट बसवायची ही सोय. ज्यानं कुणी हे डिझाइन केलं त्याला माझा नमस्कार.

एकदा हे कळल्यावर सगळं सरळ झालं. डाव्या हातात नळी धरायची, उजव्या हाताची तर्जनी कॉलरमधून आत फिरवून तिन्ही लॉक सोडवायचे, मग बोट आणखी आत घालून आतड्यांचा गोळा भिंतीपासून सुटा करायचा. डोकं डोळ्यांच्या जरा मागे धरून सावकाश, किंचित पिळत ओढायचं. झटका द्यायचा नाही. डोकं, आतडी, शाईची पिशवी, सगळं एका माळेत बाहेर येतं. पिशवी आतड्याला चिकटलेली, पाऱ्यासारखी चकाकणारी, लांबट थेंबाएवढी. दिसायला इतकी देखणी की फोडलेल्या नऊंचं वाईट वाटलं. पाचपैकी चार शाबूत निघाल्या. पाचव्या वेळी हात ओला होता, डोकं निसटलं.

मग काटा. नळीच्या पाठीकडच्या कडेला बोटानं चाचपलं की एक टोक लागतं. ते चिमटीत धरून सरळ रेषेत बाहेर खेचायचं. पारदर्शक, पिसासारखा आकार, मधे शीर, टोकाला निमुळता. चिमटा वाकडा ओढतो म्हणून काटा तुटत होता, दोन बोटांत धरला की अख्खा येतो. हा काटा म्हणजे कायटिन. झुरळाच्या आणि खेकड्याच्या कवचातही हेच असतं. (जेवताना हे सांगू नये. सांगून पाहिलं.)

डोक्याकडच्या भागात एकच काप, डोळ्यांच्या पुढे आणि पायांच्या मुळाशी. पायांच्या मधोमध कडक गोळी लागते ती चोच. मागून दाबली की बी सटकल्यासारखी बाहेर पडते, हुबेहूब पोपटाची. लेकीनं मोजले: आठ आखूड पाय, दोन लांब. तिचं ज्ञान असं की याला तीन हृदयं असतात आणि रक्तात लोहाऐवजी तांबं, म्हणून रक्त निळसर. आपल्याला लाल काही दिसलं नाही ते त्यामुळे.

दोन मोठ्या नगांच्या आत पांढऱ्या, मऊ, जोडीनं चिकटलेल्या गोळ्या निघाल्या, साबणाच्या झिजलेल्या वड्यांसारख्या. काय ते कळलं नाही. कचऱ्यात.

कातडी: एक पंख नळीपासून सोडवून खाली ओढला की त्याच्यासोबत जांभळट कातडी मोज्यासारखी उतरते. दुसरा पंख, उरलेली बाजू. चाकूनं जे चाळीस मिनिटं खरवडत होतो ते चाळीस सेकंदांत. पंख टाकायचे नाहीत, त्यांचीही कातडी काढली की कुरकुरीत लागतात.

500 ग्रॅममधले 335 उरले. वेळ 41 मिनिटं. चाकूचे काप 5, नगाला एक.

रविवार, 16 नोव्हेंबर

आजची नोंद नाइलाजानं. उशिरा उठलो, दहा वाजता बाजारात. गर्दी. पेटीत बर्फ कमी आणि पाणी जास्त, माकळं त्या पाण्यात तरंगत होती. रंग गुलाबी, जणू कुणी धुवट कुंकू फासलंय. मला तो ताजेपणा वाटला! नाकानं सांगितलं होतं, पण म्हटलं बाजाराचाच वास असेल.

घरी मोरीवर सगळी अक्कल उतरली. कातडी मोज्यासारखी उतरायच्या जागी ओल्या कागदासारखी फाटू लागली. आतडी बोट लागताच विरघळली, शाई आपोआप बाहेर. नळी पोटाशी ढिली, हातात धरली की लोंबणारी, आणि वासात अमोनियाचा दर्प. सगळा लॉट रिजेक्ट. साडेचारशे रुपये घंटागाडीत.

विकणाऱ्याला दोष देत बसत नाही. ज्या मावशींकडून बुधवारी घेतलं होतं त्यांना संध्याकाळी गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, रंग बघता ना, तो गुलाबी बघायचाच नाही." त्यांनी दोन नग शेजारी ठेवून दाखवले. चांगल्या माकळाचं मांस पांढरट काचेसारखं, किंचित आरपार, आणि त्यावर तांबूस-जांभळे ठिपके सुटे सुटे, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. शिळं होत जातं तसे ठिपके फुटून रंग मांसात पसरतो, ते गुलाबी. बर्फाचं वितळलेलं गोडं पाणी मुरलं की मांस चुन्यासारखं पांढरं आणि पिचपिचीत होतं. डोळे काळेभोर आणि फुगीर हवेत. बोटानं दाबलं की खड्डा राहू नये. आणि वास समुद्राचा यावा.

बायकोला हे सांगितलं तर ती म्हणते, यात नवीन काय? लहानपणी वेंगुर्ल्याला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढल्यावर वाळूत पडलेल्या माकळांच्या अंगावरचे ठिपके डोळ्यांदेखत उघडायचे, मिटायचे. प्रत्येक ठिपका म्हणजे रंगाची बारीक पिशवी, भोवतीचे स्नायू ताणले की मोठी होते, सैल पडले की बारीक. मुलं बोट लावून रंग पळवायचा खेळ खेळायची. घाट चढून आलेल्या मालात ते कुठलं दिसायला? पण ठिपके शाबूत आहेत की नाहीत एवढं नाशकातही दिसतं.

धडा मोरीवरचा नव्हे, पेटीपाशी उभं राहतानाचा. चुकीचं माकूळ घेतलं की मोरीवर हात कितीही बसलेला असो, उपयोग नाही.

शुक्रवार, 21 नोव्हेंबर

आजपासून मार्गशीर्ष. बायकोचे गुरुवार असतात, महिनाभर घरात मासळी नाही. चार गुरुवार आणि 19 डिसेंबरची अमावास्या होईपर्यंत प्रकल्प बंद. यंत्र बंद असताना मेंटेनन्स करावा म्हणतात: मोरीच्या सांध्यांतली शाई टूथब्रशनं घासून काढली. यादीतलं पहिलं हत्यार कामाला आलं, पण भलत्याच.

रविवार, 30 नोव्हेंबर

राहवलं नाही. नळीच्या आतून एक पातळ पापुद्रा आणि चिकट अंश राहतो, तो काढायला काहीतरी हवं असं डोक्यात होतं. सुपरवायझरला विचारून स्टीलच्या भंगार पट्टीतून एक लांब चमचा-खरवडणी बनवली. टोक गोल, कडा बफ केलेल्या, मुठीला नायलॉन. सगळ्यांनी कौतुक केलं. कशासाठी आहे ते सांगितलं नाही.

रविवार, 21 डिसेंबर

पौष लागला, प्रकल्प सुरू. सकाळी सातला बाजार, मावशींकडूनच. 1200 ग्रॅम, 14 नग, ठिपके तपासून.

थंडी अशी की मोरीच्या नळाखाली बोटं बधिर होतात. गरम पाणी घ्यायचा मोह झाला, घेतलं नाही. गारठ्यात माल टिकतो. तीन-तीन नग बाहेर काढायचे, बाकीचे बर्फावर.

धुण्याबद्दलही शहाणा झालो. साफ केलेली नळी साध्या पाण्यात बुडवून ठेवायची नाही, ती पाणी पिते. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, तेवढंच वजन करून पातेल्यात घातलं. त्यात झटपट बुडवायचं, काढायचं, निथळायचं. बायको म्हणाली, समुद्र वजन करून आणणारा पहिला जावई.

खरवडणीची चाचणी: पहिल्या नगात शेंडीकडच्या निमुळत्या टोकातून आरपार. दुसऱ्यातही. भिंत तिथे कागदाइतकी पातळ होते आणि स्टीलला ते कळत नाही. तर्जनीवर जाडं मीठ घेऊन आत फिरवलं की पापुद्रा गोळा होऊन येतो आणि बोटाला टोक जवळ आल्याचं समजतं. मोठ्या नळ्या सरळ मोज्यासारख्या उलट्या करायच्या. खरवडणी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. छान दिसते.

शाई 14 पैकी 13 शाबूत. लेकीनं एक पिशवी वाटीत फोडली, काड्यापेटीच्या काडीनं वहीत स्वतःचं नाव लिहिलं. ओली असताना काळीकुट्ट, वाळल्यावर तपकिरीकडे झुकली. आपल्या केसांना जो रंग देतं तेच मेलॅनिन यात असतं. मग तिनं धुऊन ठेवलेला काटा उचलला, त्याचं टोक शाईत बुडवलं आणि पुन्हा नाव लिहिलं. टाक आणि दौत दोन्ही पोटात घेऊन फिरणारा प्राणी! अक्षर काही बरं आलं नाही, फार वाकतो.

तिकडे स्पेन-इटलीत या शाईत भात रांधतात, काळा भात. घरात प्रस्ताव मांडला. एकमतानं फेटाळला.

1200 ग्रॅममधले 810 उरले. वेळ 48 मिनिटं.

शुक्रवार, 26 डिसेंबर

रजा होती, म्हणून ओ-रिंगचा प्रश्न निकालात काढायचं ठरवलं. साफ केलेल्या नळीच्या एकसारख्या चकत्या, सुमारे एक सेंटिमीटर रुंद, व्हर्नियर लावून. (हो, लावला.) हळद-मीठ लावून सहा गट. पहिले चार तापल्या तव्यावर 1, 2, 5 आणि 10 मिनिटं. उरलेले दोन थोड्या पाण्यात झाकण घालून 20 आणि 40 मिनिटं.

1 मिनिट: कड शिजली, आत जरा कच्चट. 2 मिनिटं: हेच. दात लागतो, किंचित करकरीत, गोडसर. 5 मिनिटं: आकसलं, दाढेला काम. 10 मिनिटं: 9 नोव्हेंबरची ओ-रिंग, पुराव्यानिशी. 20 मिनिटं: अजून तेच, उलट माणूस निराश होऊन गॅस बंद करतो तो इथेच. 40 मिनिटं: मऊ, पण निम्म्याहून लहान झालं.

कारण असं की तापल्यावर आधी स्नायूंचे धागे आवळतात आणि पाणी बाहेर फेकतात, म्हणून कडक. याच्या मांसात आडवे-उभे थर आणि कोलॅजन भरपूर. ते कोलॅजन विरघळून जिलेटिन व्हायला अर्धा-पाऊण तास मंद उकळी लागते. म्हणजे एकतर दोन मिनिटं, नाहीतर चाळीस. तळायचं, भाजायचं तर पहिला रस्ता, रश्श्याला दुसरा. आम्ही दोन्हींच्या मधे अडकलो होतो.

सगळ्यांना डोळे मिटून चव घ्यायला लावली तेव्हा बायको म्हणाली, "अहो, आम्ही जेवायला बसलोय की क्वालिटीवाल्यांकडे?"

पायांबद्दल राहिलं: त्यांच्या शोषक वाट्यांमधे बारीक दातेरी कडी असतात, नखासारखी कडक. दुरून दिसत नाहीत, जिभेला रेतीसारखी लागतात. जाडं मीठ घालून पाय मुठीत चोळले की निघतात. टूथब्रश इथेही वापरून पाहिला. मूठच बरी.

शेजारच्या मुलाला कोळंबी खाऊन अंगावर पित्त उठतं, त्याला देऊ नका असं बायकोनं बजावलं. बरोबरच आहे, दोघांत एक प्रथिन सारखं असतं, जे कोळंबीला चिडतं ते यालाही चिडू शकतं.

हाताचा वास ही जुनी तक्रार. साबणानं जात नाही. आई आतून म्हणाली, "बेसन आणि लिंबाची साल चोळ." आयुष्यात मासळीला हात न लावलेली बाई! वास एकदम गेला. मासळीचा वास ज्या द्रव्यांचा असतो ती अल्कलीच्या जातीची, आंबटानं मरतात. आईला विचारलं कसं माहीत, तर म्हणाली, "तुझे वडील खायचे ना बाहेर."

शुक्रवार, 9 जानेवारी 2026

शिफ्टवर जाण्याआधी धावत. 1 किलो, 12 नग, 29 मिनिटं. शाई सगळी शाबूत. उद्दिष्ट गाठलं. चाकू फक्त पाय कापायला.

अर्धं ताजं खाल्लं, अर्धं कोरडं टिपून चपट्या पिशवीत फ्रीजरला. गोठताना बर्फाचे स्फटिक धागे तोडतात, त्यामुळे माकूळ उलट जरा मऊच होतं म्हणे. बाकी मासळीचं कुणी असं म्हणत नाही.

बुधवार, 21 जानेवारी

सासूबाई सोमवारी आल्या. सावंतवाडीहून ठाण्यापर्यंत रेल्वे, पुढे बस. गुडघे धरलेत, तरी येताना कोकम, तिरफळं आणि स्वतः कुटलेला मसाला डोक्यावर असल्यासारखा घेऊन आल्या.

आज पहाटे बाजार. 1100 ग्रॅम, 13 नग. मोरीच्या दारात त्यांना खुर्ची दिली. आई आतल्या दारात, अंतर राखून, पण नजर इकडेच. दोन विहिणींच्या समोर सोलायला बसलो. आयएसओच्या ऑडिटला कधी इतका घाम फुटला नव्हता.

बोट आत, तीन लॉक, ओढ. काटा. पंख, कातडी. एक बोलत नव्हती, दुसरी जप करत होती. पाचव्या-सहाव्या नगाला लक्षात आलं की चाकू आणलेलाच नाही, तो आत हुकावर राहिलाय. उठायचा कंटाळा आला. पाय डोळ्यांच्या पुढे नखानं दाबून, पिळून तोडून पाहिले. तुटतात की! कड थोडी वेडीवाकडी, बस्स. बाराव्या नगापर्यंत घड्याळात 21 मिनिटं.

तेरावा सासूबाईंनी मागून घेतला. खुर्चीतून न उठता, मांडीवर ताटली ठेवून. माझ्या चार क्रिया त्यांच्या हातात एकच होती. एका ओढीत डोकं आणि आतडी, तोच हात परत येताना काटा घेऊन, अंगठा पंखाखाली आणि कातडी खाली. मिनिटसुद्धा लागलं नाही. स्टॉपवॉच चालू करायचं राहून गेलं, म्हणून आकडा लिहीत नाही.

मग त्यांनी माझ्या कचऱ्याच्या पिशवीत बोट घातलं. त्या पांढऱ्या, जोडीच्या गोळ्या, साबणाच्या वड्यांसारख्या, तीन-चार मोठ्या नगांतून निघालेल्या, बाहेर काढून तळहातावर घेतल्या. माझ्याकडे पाहिलं.

"ह्या गाबोळीचा काय करतास?"

मी म्हटलं, टाकतो.

"म्हयनोभर?"

नोव्हेंबरपासून, असं सांगायचं धाडस झालं नाही. वहीनं सांगितलं असतं, वही लपवली. मादीच्या पोटातला हा भाग त्यांच्याकडे घरातल्या लाडक्या माणसाच्या ताटात जातो. त्यांनी तो मिठाच्या पाण्यातून काढला, हळद-मसाला लावला, रव्यात घोळवून बायकोकडून तव्यावर उलटासुलटा करून घेतला. पहिला तुकडा माझ्या ताटात पडला. मऊ, दाट, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकाची आणि लोण्याची मधली काहीतरी चव. वाईट वाटलं, एकेका नोंदीची आठवण काढून.

माकळाचा रस्सा तिरफळं घालून चाळीस मिनिटं, चकत्या तव्यावर दोन मिनिटं. सासूबाई तीन भाकरी जेवल्या. भाकरी आईनं केल्या होत्या, आतल्या ओट्यावर.

1100 ग्रॅममधले 765 उरले, गाबोळी धरून. आधीच्या सगळ्या नोंदींतला 'उरले' हा आकडा त्यामुळे चुकीचा आहे, दुरुस्त करता येणार नाही, कारण माल घंटागाडीत गेलाय. पुढच्या पानापासून रकाना वाढवला: गाबोळी, ग्रॅममध्ये. शुक्रवारी बाजार, सासूबाई सोबत येणार म्हणतायत. पेटीतली माकळं त्याच निवडणार आहेत, माद्या बघून.